तालमीत मरायचं नाही

४ नोव्हेंबर, लातूर

हणमंतराव सरांनी आज फर्मान काढलं. नाटकात जो कोणी आहे त्याने डायरी लिहायची, म्हणजे भूमिका अंगात मुरते. मी म्हणलं, "सर, मी पडदा ओढतो. माझ्या अंगात काय मुरणार?" सर म्हणाले, "सत्यम, पडद्यालाही मन असतं." सगळ्यांनी माना हलवल्या म्हणून मीही हलवली.

तर लिहितो. मी बिलोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. मग हैदराबादला हॉटेलात, पुण्याला बांधकामावर, निजामाबादला टायरच्या दुकानात. कुठंच बूड टेकलं नाही. आता लातुरात मंडप डेकोरेशनवाल्याकडं आहे. मालकानं नाटकवाल्यांना पडदे आणि लाइटा भाड्यानं दिल्या, त्याच्यासोबत मलाही दिलं. हैदराबादच्या हॉटेलातला दोस्त बबल्या रोज फोन करून राहिला, ये म्हणून. जाईन बहुतेक. एकच गोष्ट रोज रोज बघून माझं डोकं उठतं, आणि इथं तर तेच चालतं.

नाटकाचं नाव 'निःशब्द पाखराचा आक्रोश'. लिहिलंय सरांनी, बसवतातही तेच. डिसेंबरात नांदेडला स्पर्धेत करायचं आहे. निनाद नावाचं दहा वर्षांचं पोरगं, त्याला ऑटिझम. मराठीत स्वमग्न म्हणतात. तो बोलत नाही, नुसता ओरडतो. शेवटी एकदाच 'आई' म्हणतो आणि तिच्या मांडीवर मरतो. निनादचं काम व्यंकटी मास्तर करतात. ते शाळेत चित्रकला शिकवतात, वय चव्वेचाळीस. हाफपँट घालतात, पण मिशी काढायला तयार नाहीत. म्हणतात, स्पर्धेच्या दिवशी काढीन. आईचं काम राजकन्या नावाची पोरगी करते. ती झेरॉक्सच्या दुकानात आहे, माझ्याच वयाची. मास्तरांना मांडीवर घेतलं की तिच्या पायाला मुंग्या येतात. सर म्हणतात, येऊ दे, रडणं खरं वाटतं.

७ नोव्हेंबर

आज सरांनी फळ्यावर लिहून ऑटिझम समजावला. डोळ्याला डोळा देत नाहीत. तेच ते खातात. मोठा आवाज सहन होत नाही. ऐकलेलं परत परत बोलतात. ठरलेलं बदललं की बिथरतात.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, हे तर आमच्या शिवशंकर दादासारखं."

सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं माझ्या हातून काही सांडलं. सर खुर्चीवरून उठले. "तुझा सख्खा भाऊ? आणि तू आजवर बोलला नाहीस?"

"कुणी विचारलं न्हाई."

"त्याचं निदान काय केलंय?"

मी म्हणलं, निदान काही नाही, तो असाच आहे. आमच्याकडं सगळे एवढंच म्हणतात. म्हशींना पाणी पाजतो, हौद भरतो, शर्टाचं वरचं बटन कधी उघडत नाही, सारखं चोळत राहतो. लग्नात बँड आला की गोठ्यात जाऊन बसतो. बस.

व्यंकटी मास्तरांनी माझा हात हातात घेतला. "सत्यम, मला तुझा भाऊ पाहिजे." कडबा कापायचं यंत्र मागावं तसं म्हणाले.

११ नोव्हेंबर

योग असा की आईचाच फोन आला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला, नंतर कावेरी मावशीकडं आराम. मावशीच्या घरात टीव्ही दिवसभर बोंबलतो, दादा तिथं राहायचा नाही. "तू ने त्याला तुझ्याकडं. आन नुसतं बाहेरचं खाऊ घालू नको. भाकर आन शेंगदाण्याची चटणी, वेगवेगळी वाढ. एकात एक मिसळली की उपाशी ऱ्हाईल."

जाऊन घेऊन आलो. बसमध्ये दादा कंडक्टरच्या मागं उभा राहून त्याच्यासोबत गावांची नावं ओरडत होता. कंडक्टर आधी चिडला, मग नुसता तिकिटं फाडत बसला आणि ओरडायचं काम दादाला दिलं.

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पण लातूरच्या स्टँडवर सर स्वतः घ्यायला आले होते, हार घेऊन. हार बघून दादा परत बसमध्ये चढला.

१३ नोव्हेंबर

दादा पहिल्यांदा तालमीला आला. मी दाराजवळ बसवला, म्हणजे उठून पळाला तर धरता येईल. तो पळाला नाही.

सरांनी जमिनीवर खडूनं खुणा केल्या आहेत. आई इथं उभी राहते, डॉक्टर तिथं. ज्यानं त्यानं आपल्याच खुणेवर उभं राहायचं, ठरलेलंच बोलायचं. दादा ते बघून इतका खूश झाला की बटन चोळायचं विसरला. पहिला प्रवेश संपला, सर म्हणाले परत करा. परत तसाच झाला. दादा हसायला लागला, पोट धरून. तिसऱ्यांदा मला जांभया आणि दादाला टाळ्या.

गावात माणसं त्याला काहीही विचारतात. लग्न कधी, बायको कशी पाहिजे, ओळखलं का मी कोण. इथं कुणी कुणाला अचानक काही विचारत नाही. विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं.

सर मात्र नाराज. बाजूला घेऊन म्हणाले, "सत्यम, हा हसतो."

"हाव सर, लई हसतो."

"स्वमग्न मुलं अशी हसत नाहीत. स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही. तू नीट आठवून बघ, तुझा भाऊ तोच आहे ना?"

१६ नोव्हेंबर

आजचा प्रकार लिहायला हात पुरत नाही.

व्यंकटी मास्तर दादाच्या समोर सतरंजीवर बसले, अभ्यासाला. दादानं मान वाकडी केली, मास्तरांनी केली. दादानं बटन चोळलं, मास्तरांनी शर्टाला बटन नव्हतं म्हणून गळा चोळला. दादाला मजा वाटली. मग मास्तरांनी निनादसारखे दोन्ही हात पंखासारखे फडफडवले. दादा तसलं काही करत नाही, आयुष्यात कधी केलं नाही. पण समोरचा करतो म्हणून त्यानंही केलं. मास्तरांना वाटलं हे दादाचंच आहे, त्यांनी अजून जोरात केलं. दादानं त्याहून जोरात. दोघं पार घामेघूम. सर ओरडले, "लिहून घ्या! तो मोकळा होतोय!"

राजकन्या भिंतीला टेकून डबा खात होती. मला म्हणली, "यातला तुझा भाऊ कोणता?"

मी म्हणलं, "मिशी नसलेला."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाण्याची बाटली दिली. तिनं डब्यातली भाकर दादाला दिली, चटणी वेगळ्या झाकणात. म्हणली, "उद्यापासून दादासाठी जास्तीची आणते. तूही खाऊन बघत जा, मीठ बरोबर आहे का." आता मिठाचं मला काय कळतं? पण खातो. आईचं काम करते तर तिला स्वयंपाकाचाही सराव पाहिजे असेल.

२० नोव्हेंबर

आईचं ऑपरेशन नीट झालं. मावशीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल केला. आईच्या एका डोळ्यावर पट्टी. दादा तिला बघून खूश झाला आणि दोन्ही हात फडफडवले.

"आरं सत्यम, हे काय नवीन? माझं लेकरू असं कवा करत नव्हतं. कुणी शिकवलं?"

"व्यंकटी मास्तरनं."

"त्याला काय झालंय?"

"काही न्हाई आई, त्यो शाळेत शिकवतो."

आईनं उघड्या डोळ्यानं मला नीट बघितलं. मग म्हणली, "त्या शाळेवर लेकरं घालतात का लोक?"

हँडबिल छापून आलं. त्यात खाली 'स्वमग्नता सल्लागार : सत्यम'. मी तो कागद मालकाला दाखवला, चहावाल्याला दाखवला. बबल्याला फोटो पाठवला. तो म्हणला, पगार किती वाढला? त्याला नाटकातलं काही कळत नाही. दादाचं नाव कुठंच नव्हतं, हे राजकन्यानं दाखवलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी म्हणलं, त्याला वाचता कुठं येतं? ती म्हणली, "तुला येतं ना." आज दिवसभर बोलली नाही. बायकांचं कळत नाही.

२३ नोव्हेंबर

नवीनच झेंगट. दादाला सगळं नाटक बघायला मिळतं, शेवट सोडून. कारण शेवट कुणी करतच नाही.

मास्तरांच्या बायकोनं, सिंधुवहिनींनी, त्यांना शपथ घातली आहे. मागच्या नाटकात मास्तर तालमीत रोज फाशी जायचे आणि त्याच महिन्यात घरी पाण्याची मोटार जळाली, सासरे पडले, मांजर गेलं. तेव्हापासून वहिनींचं म्हणणं, मरायचंच असेल तर स्पर्धेत एकदाच मरा, तालमीत मरायचं नाही. म्हणून मास्तर 'आई' म्हणायच्या आधी थांबतात, हात जोडतात आणि चहाला जातात. सर म्हणतात, मरणाला तालीम लागत नाही, ते आतून येतं.

दादा खुर्चीतच बसून राहतो. "मग? निनादचं काय झालं?"

"मरतो."

"तू बघितलं?"

बघितलं नव्हतं. दादाला सांगून चालत नाही, बघावं लागतं. आता आंघोळीच्या वेळी, रस्त्यात, भाकर खाताना तेच. निनादचं काय झालं? मी वैतागून म्हणलं, नांदेडला चल, तिथं मोठ्या थेटरात खुर्चीवर बसून शेवट बघ. तेव्हा गप झाला. बटन लावलेलंच होतं, तरी परत चाचपलं.

२९ नोव्हेंबर

रंगीत तालीम. गावातली मोठी माणसं बोलावली होती, एक डॉक्टर, दोन प्राचार्य. दादा पहिल्या रांगेत.

मास्तर निनाद म्हणून ओरडले की दादानं दोन्ही कानांवर हात घेतले आणि म्हणला, "हळू!" मास्तर परत ओरडले. दादा उभा राहून, "आरं हळू! म्हशी बुजतील!" एक प्राचार्य फसकन हसले. डॉक्टर म्हणाले, हा मुलगा कोण, छान आहे. सरांचं तोंड उतरलं. शेवटाच्या आधी पाहुण्यांना लग्नाला जायचं होतं, त्यामुळं आजही शेवट राहिला.

नंतर सरांनी मला बोलावलं. "नांदेडला त्याला आणायचं नाही. परीक्षक विचलित होतात."

"सर, त्याच्यावरच तर नाटक हाय."

"त्याच्यावर आहे रे. त्याच्यासाठी नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलं नाहीस तर मालकांना सांगून दुसरा माणूस घेतो. तुझंही नुकसान, सल्लागारपदही जाईल."

मी हाव म्हणलं. मला माझाच राग आला, पण हाव म्हणलं. दादा बाहेर पायरीवर बसला होता. "नांदेड कवा?"

३ डिसेंबर, नांदेड

नीट क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही.

सकाळी टेम्पोत सामान भरलं. दादाला खोलीवर एकटं ठेवता येत नव्हतं आणि मी त्याला शब्द दिला होता. राजकन्या म्हणली, "भिंतीच्या मागं बसव." म्हणजे नाटकातली प्लायवूडची भिंत. दादा वाटेतल्या लोहा गावापर्यंत भिंतीमागं बसला. लोह्याला चहाला थांबलो तेव्हा तो भिंतीतली खिडकी उघडून गावांची नावं ओरडायला लागला. सर हातातला चहा सांडेपर्यंत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "थेटरच्या गेटबाहेर. आत पाऊल नाही."

मास्तरांनी मिशी काढली. सिंधुवहिनींनी त्यांना बघून पदर तोंडाला लावला, ओळखच पटेना.

नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. मी गेटवर गेलो. दादा वॉचमनच्या शेजारी उभा, गळ्यापर्यंत बटन, आत येणाऱ्या माणसांना बघत. माणसं तरी कुठं होती? परीक्षक, उद्या ज्यांचं नाटक आहे ते, आणि आमच्या नातेवाइकांच्या दोन रांगा. आत शेकडो खुर्च्या रिकाम्या. एवढ्या खुर्च्यांत दादाला एक नाही.

दुसरी घंटा झाली. मी त्याचा हात धरला आणि मागच्या दारानं विंगेत आणला. खुर्ची नाही देऊ शकलो. पडद्याच्या दोरीजवळ उभा केला आणि दोरीचं खालचं टोक त्याच्या हातात दिलं. हातात काही असलं की तो शांत राहतो. समोरच्या विंगेत सर होते, पण अंधारात त्यांना फक्त मी दिसत होतो.

नाटक चांगलं चाललं. मास्तर ओरडले की दादा एक कान खांद्याला टेकवायचा, दुसऱ्यावर मी हात ठेवायचो. दोरी त्यानं सोडली नाही.

मग शेवट आला. मीही पहिल्यांदाच बघत होतो. मास्तर लोकांकडं तोंड करून म्हणाले, "आई." मग राजकन्याच्या मांडीवर पडले आणि मेले. राजकन्यानं हंबरडा फोडला. सरांनी समोरून हात खाली केला, पडदा.

मी दोरी ओढली. दोरी हालेना.

बघतो तर दादानं दोन्ही हातांनी आवळून धरली होती. म्हशीला धरणारे हात ते.

"दादा सोड. संपलं."

"न्हाई."

"मेला तो!"

"मेला न्हाई. पोट हालून राहिलं."

खरंच हालत होतं. तालीमच केली नव्हती ना. मेल्यावर श्वास कसा धरायचा हे मास्तरांना कुठं ठाऊक? भात्यासारखं पोट वर-खाली, वर-खाली. पहिल्या रांगेतून सुद्धा दिसत असणार. त्यात मास्तरांच्या नाकावर मच्छर बसला. मेलेल्या माणसानं नाक आक्रसलं.

राजकन्यानं दुसरा हंबरडा फोडला. मग तिसरा, जरा बारीक. सर समोरच्या विंगेत दोन्ही हात फडफडवून राहिले, अगदी मास्तरांसारखे. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणलं, "आरं पाडा की पडदा, त्याला घरी जाऊ द्या!" मी दादाच्या बोटांना लोंबकळलो. एकही बोट उघडेना. मला रडू येत होतं, नोकरीचं का कशाचं, सांगता यायचं नाही.

राजकन्यानं विंगेकडं बघितलं. आधी मला, मग दादाला. तिनं डोळे पुसले. मास्तरांच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणली, "ऊठ बाळा. भूक लागली असंल."

हे नाटकात नाही.

मास्तरांनी एक डोळा उघडला. हळूच म्हणाले, "मी मेलोय."

"मेलेली माणसं बोलतात का? ऊठ."

थेटरात हशा. मास्तर उठून बसले. पुढचं काहीच पाठ नव्हतं. काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी ओरडणं केलं नाही, हात फडफडवणं केलं नाही. मान खाली घालून हाफपँटीची शिवण चाचपत नुसते बसले. राजकन्यानं रिकामं ताट पुढं ठेवलं. वाढल्यासारखं केलं, भाकर इकडं, चटणी तिकडं, लांब लांब. मास्तरांनी हवेतला घास मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. कुणी खोकलंसुद्धा नाही. मला सुद्धा वाटलं, बघत राहावं. माझं असं कधी होत नाही.

मास्तरांनी ताटात हात धुतले. तेव्हा दादानं श्वास सोडला. "आता झालं," म्हणला आणि दोरी माझ्याकडं दिली.

मी पडदा पाडला.

४ डिसेंबर, नांदेड, मावशीच्या घरी

काल रात्रीच सरांनी मला काढलं. सल्लागारपदावरूनही. परीक्षकांनी म्हणे शेरा मारला, नाटकाचा शेवट लेखकाला सापडलेला नाही. सर म्हणतात, सापडला होता, तुझ्या भावानं धरून ठेवला. सिंधुवहिनींनी मात्र दादाच्या हातात पेढ्याचा पुडाच ठेवला. म्हणल्या, "मरू दिलं न्हाईस माझ्या माणसाला." मास्तर बाजूला उभे होते, मिशीच्या जागी बोट फिरवत. मला म्हणाले, "सत्यम, तो जेवणाचा प्रवेश बरा झाला का रे?" मी म्हणलं, सगळ्यात बरा. ते जरा रडवेले झाले.

बबल्याचा फोन आला. मी म्हणलं, पुढच्या आठवड्यात बघू. राजकन्या विचारत होती की लातूरला परत कधी येणार. डबा राहिला असेल तिचा कुठंतरी. शोधून द्यावा लागेल.

दुपारी मावशीला सांगून टीव्ही बंद करवला. आई खाटेवर, दादा खाली. आईनं विचारलं, "बघितलं का रे शिवशंकर नाटक?"

"हाव."

"काय होतं त्याच्यात?"

दादानं बटन चाचपलं. "निनाद जेवला."

आईला एवढं पुरलं. "बरं झालं. मग निजला का?"

हे दादानं बघितलं नव्हतं. हळूच माझ्याकडं वळला. "मग? निजला का?"

मी म्हणलं, "हाव, निजला."

"तू बघितलं?"

मी कपाळाला हात लावला. मग फोन काढला, मास्तरांना लावला, आवाज मोठा केला आणि तिघांच्या मधे ठेवला. लई वेळ वाजला. शेवटी मास्तरांनी उचलला.

"मास्तर, एक विचारायचं होतं. तुम्ही निजला होतात का?"

"निजलोच होतो की गाढवा! कशाला उठवलंस?"

दादानं फोनकडं बघून मान हलवली. मग खाटेखालची चटई ओढली, भिंतीकडं तोंड केलं आणि तोही आडवा झाला.